पर्लचा कप

कोल्टर्स फेरी, ओहायो
१४ मे १९८७

प्रिय वर्निटा,

सोमवारी सकाळी मी आत्याला कॉफी करून दिली, कपाचा कान तिच्या बोटांत नीट बसवला आणि खांद्यावर फावडं टाकून टेकडीवर निघालो. मका पेरण्याआधी आपण दर वर्षी कबरींवरचं गवत खरवडून माती उघडी करतो. यंदा माझ्या गुडघ्यामुळे ते काम लांबलं होतं. आत्या दारातून ओरडली, "पर्लला सांग, म्हातारी अजून आहे म्हणून."

मी म्हणालो, "दर वर्षी तेच सांगतो, आत्या."

"मग यंदाही सांग. लहान मुलांना एकदा सांगून कळतं होय?"

वर पोचलो तर फाटक उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या शेतात शिरलो. जमीन एका पातळीत आणलेली, दाताळ्याने विंचरलेली, तिच्यावर गवताचं बी टाकून वर पेंढा पसरलेला. सीडारची झाडं मुळासकट काढलेली. युकाची टोकदार झुडपं नाहीत, शिंपले नाहीत, बरण्या नाहीत, मिसेस टिब्सचं बंद पडलेलं घड्याळ नाही, शाळामास्तरांचा चष्मा नाही. नेहेमाया आजोबांच्या उशाशी त्यांच्या होडीच्या वल्ह्याची लोखंडी कडी होती, तीही नाही. मी टोपी काढून उभा राहिलो. कुठे उभा आहे हे मला कळत नव्हतं, म्हणून बराच वेळ पाय हलवला नाही.

खाली आल्यावर ब्रदर हॉलिसने सांगितलं की ती माणसं तू पाठवली होतीस. शनिवारी आली, छोटा ट्रॅक्टर घेऊन. मी वखारीत लाकूड कापत होतो, म्हणून मला पत्ता लागला नाही. हॉलिसला वाटलं, मला विचारूनच आली असतील. त्यांनी काम मन लावून केलं आहे, त्यात खोट काढता येणार नाही. नामफलकासाठी तू दोन वर्षं किती पत्रं लिहिलीस, कुणाकुणाच्या पायऱ्या चढलीस, ते मला ठाऊक आहे. राज्याने नेहेमाया आजोबांना, आपल्या खापरपणजोबांना, गुलामगिरीविरोधी पुढारी म्हणून मान द्यावा, ही तुझीच कमाई. तुझा हेतू मला कळतो.

एकच विचारतो. तिथलं सामान त्या माणसांनी कुठे नेलं, हे त्यांना विचारशील का? त्यात पर्लचा कप होता. निळा, लहान, बूड फोडलेला.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "वर सगळं शांत आहे." ते खोटं नव्हतं.

तुझा भाऊ,
लेम

◆

क्लीव्हलँड
२१ मे १९८७

प्रिय डीकनसाहेब,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी तू आभार मानतोयस की तक्रार करतोयस, मला कळेना. लहानपणापासून असाच तू. मधमाशी चावली तरी तिच्याच नांगीची चिंता करायचास.

आता माझं ऐक. सप्टेंबरमध्ये राज्याची माणसं येणार, वर्तमानपत्रवाले येणार, बहुतेक सिनेटरही. त्यांना काय दाखवायचं होतं? फुटक्या बरण्या आणि दांडी मोडलेले चष्मे? मी उन्हाळ्यात तिकडे यायचे तेव्हा गावातली गोरी पोरं कुंपणावर बसून म्हणायची, "तुमचे लोक मेल्यावरही भांडी घासतात का गं?" मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ते हसू अजून माझ्या कानात आहे. तीस वर्षं शाळा चालवली मी, लेम, पण त्या टेकडीचा विषय निघाला की मी अजून नऊ वर्षांचीच होते. नेहेमाया रस्कने रात्री-अपरात्री होडी काढून माणसं गुलामीतून पार केली. त्याच्या कबरीभोवती उकिरडा नको, हिरवळ हवी. त्याचा तेवढा हक्क आहे.

सामान गावाच्या कचरा डेपोत टाकलं म्हणाले. आता ते उकरत बसू नकोस. आत्याला कपच हवा असेल तर मी पाठवते. इथे दुकानात लहान मुलांचे सुंदर चिनीमातीचे कप मिळतात, कडेला सोनेरी रेघ असलेले. या पत्राबरोबर वेगळं पार्सल पाठवलं आहे. आत्याला डोळ्यांनी दिसत नाही, हाताला गुळगुळीत लागला म्हणजे झालं.

चर्चचा डीकन म्हणून समारंभात तू प्रार्थना करायची आहेस, हे विसरू नकोस. आणि तो तपकिरी सूट घालू नकोस, त्यात तू वखारीतला ओंडका दिसतोस.

वर्निटा

◆

कोल्टर्स फेरी
२ जून १९८७

प्रिय वर्निटा,

पार्सल मिळालं. कप सुंदर आहे. तो मी कपाटात ठेवला आहे, आत्याला दिलेला नाही.

तुझे वडील, माझे काका, तुला पाळण्यात घेऊन उत्तरेला गेले, म्हणून काही गोष्टी तुला कुणी सांगितल्याच नाहीत. त्यात तुझी चूक नाही. मी सांगतो.

नेहेमाया आजोबांच्या वेळी नदीपलीकडून, पळालेल्या गुलामांना पकडणारे यायचे. ते कबरीसुद्धा वाचायचे. अमक्या मळ्यावरून पळालेली सेली इथे पुरली आहे असं दगडावर दिसलं, की सेलीची मुलं याच गावात कुठेतरी आहेत, हे त्यांना कळायचं. म्हणून आजोबांनी नियम केला की टेकडीवर कुणाचंही नाव लिहायचं नाही. त्या माणसाच्या हातात शेवटी जे होतं ते ठेवायचं. कप, चमचा, चष्मा, जे असेल ते. ते मोडायचं, भांड्याचं बूड फोडायचं, म्हणजे कुणी चोरणार नाही. आपल्या माणसांना ती वस्तू पाहून कळेल आणि परक्याला उकिरडा वाटेल. तुला तो उकिरडा वाटला, म्हणजे आजोबांची युक्ती अजून चालते आहे. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तुझं पत्र आलं त्या रात्री हे मनात आलं आणि मला हसू आलं, मग झोप आली नाही.

पकडणारे संपले तरी नियम राहिला. आजोबांनी स्वतःसाठीही तोच मागितला. म्हणाले होते म्हणे, "ज्यांना लपवलं त्यांच्यातच मला लपवा."

आता पर्लचं. डोव्हीआत्याला एक मूल झालं, हे तू ऐकलं असशील. इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेलं, तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. त्याच आठवड्यात नवराही गेला, पण तो सैन्यात होता, कुठे पुरला ते तिला कधी कळलं नाही. पर्लला ती त्या निळ्या कपातून पाणी पाजत होती. पुढे तिने दुसरं लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर मला वाढवलं. माझ्याकडे तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आहे. मेल्यावर तिला पर्लच्या डाव्या बाजूला पुरायचं. डाव्या, कारण ती मुलाला डाव्या कुशीत घेऊन निजायची. ती जागा तिने इतकी वर्षं मोकळी ठेवून घेतली. टेकडीवर कुणाला तिथे उभंसुद्धा राहू देत नसे.

मला ती जागा कपावरून कळत होती. कपाला लागून युकाचं झुडूप होतं, झुडपामागे सीडार होता. आता तिन्ही नाहीत. सीडारचे बुंधेही त्यांनी उपटून खड्डे भरले आहेत. मी रोज वखार सुटल्यावर वर जातो आणि फिरतो. एक दिवस वाटतं इथे, दुसऱ्या दिवशी वाटतं तिथे.

हॉलिसला विचारलं. या टेकडीवरचे निम्मे खड्डे त्याने आणि त्याच्या बापाने खणले. तो म्हणाला, "डीकन, मी कधी जमिनीकडे बघून खणलं नाही, भांड्यांकडे बघून खणलं. आता जिथे कुदळ मारीन तिथे कुणाच्या तरी छातीवर बसेल. मला सांगू नकोस."

तू नको म्हणालीस तरी मी कचरा डेपोत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काय हरवलं, डीकन? सोनं?"

"कप."

"कप? या, या. आमच्याकडे कपांना तोटा नाही. बशाही देऊ."

मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने चेष्टा सोडली आणि दाताळं घेऊन खाली उतरला. माणूस वाईट नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही उकरलं. दोन पोती भरून शिंपले आणि काचा मिळाल्या. आजोबांची कडी मिळाली नाही, लोखंड भंगारवाल्याने आधीच नेलं होतं. अगदी शेवटी पर्लचा कप मिळाला. कान तुटला आहे, बाकी तसाच.

तो माझ्या कोटाच्या खिशात आहे. तो कुठे ठेवायचा, हे मला कळत नाही.

लेम

◆

क्लीव्हलँड
१० जून १९८७

लेम,

दोन दिवस मी पेन उचललं नाही.

मी त्या माणसांना फोनवर म्हणाले होते, "एक तुकडा शिल्लक दिसता कामा नये." हे माझे शब्द. मला आठवतात, कारण ते बोलताना मला बरं वाटलं होतं.

यापेक्षा जास्त त्यावर लिहिता येत नाही. आता काय करायचं ते बोलू.

इथल्या विद्यापीठात एक प्राध्यापक आहेत. जमिनीखाली काय आहे ते दाखवणारं यंत्र त्यांच्याकडे आहे. मी त्यांच्या दारात जाऊन बसले आणि त्यांच्याकडून यायचं कबूल करून घेतलं. ते जुलैत येतील. त्यांना जेवायला घाल. बाटलीतलं पाणी पितात, तेवढं सांभाळ.

आणि यंत्राने जमलं नाही तर माझं दुसरं ऐकशील का? अंदाजाने एक जागा धर. कप तिथे ठेव. आत्याला सांग, सगळं जिथल्या तिथे आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे ती, दिसत नाही, वर चढवत नाही. तिला कळणार नाही आणि तिचा जीव शांत राहील. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा देव मायलेकींना शोधून एकत्र आणीलच, चार पावलांच्या फरकाने त्याचं काय अडतं? तू म्हणशील हे खोटं आहे. आपल्या आजोबांनी पकडणाऱ्यांच्या तोंडावर बायबलवर हात ठेवून सांगितलं होतं, "माझ्या घरात कुणी नाही," आणि माळ्यावर तेव्हा अख्खं कुटुंब बसलेलं होतं. ते खोटं त्यांना नरकात घेऊन गेलं असेल तर मलाही तिकडेच जायचंय.

कृपा कर, लेम. माझ्यासाठी नको. तिच्यासाठी.

वर्निटा

◆

कोल्टर्स फेरी
९ ऑगस्ट १९८७

प्रिय वर्निटा,

उत्तराला उशीर झाला. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

प्राध्यापक आले होते. भला माणूस. गवत कापायच्या गाड्यासारखं यंत्र त्यांनी टेकडीभर फिरवलं, उन्हात, टोपी न घालता. संध्याकाळी पायरीवर बसून मक्याचा पाव आणि चवळी खाल्ली आणि विहिरीचं पाणीही प्यायले. मग मला पडद्यावर दाखवलं. नुसत्या करड्या रेघा. म्हणाले, "मिस्टर रस्क, वरचा थर ढवळला गेला आहे, खाली फुटका खडक आहे. इथे कबरी आहेत, खूप आहेत, एवढं मी खात्रीने सांगतो. कुठली कुणाची, हे कुणीच सांगू शकणार नाही. लहान मुलाचं तर काही उरतही नाही." शेवटचं वाक्य बोलल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना काकड्या बांधून दिल्या.

तुझ्या दुसऱ्या सल्ल्याचा मी विचार केला. प्रार्थनाही केली. आजोबांनी खोटं बोलून माणसं वाचवली हे खरं. पण ते खोटं पकडणाऱ्यांशी होतं. आत्या मला पकडायला आलेली नाही. आणि कर्णा वाजेल तेव्हा देवाला सापडतीलच, याबद्दल मला शंका नाही. तो प्रश्न देवाचा नाही, आत्याचा आहे. मी तिला खरं सांगायचं ठरवलं आणि तीन रविवार तिच्यासमोर बसलो. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" दुसऱ्या रविवारी तिला झोप लागली. तिसऱ्या रविवारी तिने स्वतःच मला सांगितलं की समारंभाच्या दिवशी तिला टेकडीवर यायचं आहे.

मी म्हणालो, "आत्या, चढ आहे. तुला धाप लागते."

"मग खुर्चीत घालून ने. तू आणि हॉलिसचा जावई धरा. तो नुसता खायला आहे का?"

"ऊन असेल."

"टोपी घालीन. वर्निटा बोलायला लागली की दोन तास थांबत नाही, मी तोवर पर्लजवळ बसते. नऊ वर्षं झाली लेम, मी तिला हात लावलेला नाही. आता पुढच्या वेळी जाईन ती आडवीच."

सांगायचं ते माझ्या ओठांवर होतं. मी म्हणालो, "बरं, नेईन."

फलकावर काय लिहिणार, त्याची प्रत तू पाठवलीस ती वाचली. शब्द चांगले आहेत. फक्त शेवटची ओळ, "याच टेकडीवर अज्ञात स्थळी त्यांचे दफन झाले." वर्निटा, मे महिन्यापर्यंत ते अज्ञात नव्हतं.

लेम

◆

क्लीव्हलँड
२८ सप्टेंबर १९८७

माझ्या लाडक्या भावा,

घरी पोचल्यापासून मी घरात गात फिरतेय. शेजारीण विचारून गेली, लॉटरी लागली का म्हणून.

तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस! मी व्यासपीठावर बसले होते. सिनेटरने पाठवलेला तो गृहस्थ आजोबांचं नाव चुकीचं उच्चारत होता, आणि माझं सगळं लक्ष खाली. तुम्ही आत्याची खुर्ची घेऊन फाटकातून आत आलात, तू जराही न थबकता सरळ चालत गेलास आणि खुर्ची टेकवलीस. मी पाहिलं, गवतात निळं काहीतरी चमकलं. आत्या वाकली, तिने कप दोन्ही हातांत घेतला, जमिनीवर हात फिरवला आणि वर बघून हसली. "हो, हीच. हीच माझी पर्ल," हे मी तिथपर्यंत ऐकलं. पुढच्या बायका रडायला लागल्या. मी तर माझं भाषणच विसरले. मी भाषण विसरण्याची आयुष्यातली ही पहिली वेळ, लिहून ठेव.

कशी सापडली जागा? देवाने दाखवली ना? मला ठाऊक होतं. तुझ्यासारख्या माणसाची प्रार्थना ऐकली नाही तर तो कुणाची ऐकणार?

लेम, मे महिन्यापासून माझ्या छातीवर एक दगड होता. तो त्या क्षणी उतरला. फलकावरचं निळं कापड उतरलं त्यापेक्षा मला ते मोठं वाटलं.

आता एक सांगते, रागावू नकोस. आत्याची वेळ येईल तेव्हा सगळं नीट करू. फलकाजवळून तिची मिरवणूक नेऊ. राज्याच्या समितीशी मी बोलून ठेवलं आहे, त्यांना आनंदच होईल. नेहेमाया रस्कची पणती त्यांच्याच टेकडीवर, आपल्या बाळाच्या कुशीला. वर्तमानपत्रातही देऊ. फक्त तू मला लगेच फोन कर, पहाट असली तरी. हॉलिसच्या घरून कर.

आणि तपकिरी सूट घातलासच शेवटी! पण त्या दिवशी मी तुला सगळं माफ केलं.

तुझी,
वर्निटा

◆

कोल्टर्स फेरी
१२ डिसेंबर १९८७

प्रिय वर्निटा,

डोव्हीआत्या मंगळवारी पहाटे गेली. कॉफी अर्धी प्यायली होती. त्रास झाला नाही. बुधवारी तिला पुरलं. मी तुला फोन केला नाही. रस्त्यावर बर्फ होतं हे खरं आहे, पण फोन न करण्याचं कारण ते नव्हतं. ते आता लिहितो. खाली बसून वाच.

जागा मला सापडली नव्हती.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो आणि तू सांगितलं होतंस तसं केलं. एक जागा धरली. थबकायला नको म्हणून फाटकापासून तिथवर दोन-तीनदा चालून पाहिलं, एखादं नाटक बसवावं तसं. कप ठेवला. त्या रात्री मला प्रार्थना करवली नाही.

दुसऱ्या दिवशी तू पाहिलंस ते सगळं तसंच घडलं, पण तू वर होतीस आणि मी तिच्या शेजारी गुडघ्यावर होतो. तिने कप उचलला, तुटलेल्या कानावर बोट फिरवलं. मग कपाखालच्या मातीत हात घातला, मनगटापर्यंत. नवं गवत उपटून निघालं. मी विचारलं, "काय हवंय, आत्या?" ती हळूच म्हणाली, "दगड. नदीतला चपटा दगड. मी स्वतः खाली बसवला होता, कप कलू नये म्हणून." तिने आणखी चाचपलं. मग हात थांबला. गवत तिच्या मुठीत होतं. तिने ते बोटांत चोळलं. वर्निटा, आपल्यात कबरीवर गवत कधी असतं का?

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे तुला ठाऊक आहेत, दुधासारखे. म्हणाली, "लेम, किती जागा अशी झाली?" मी म्हणालो, "सगळी." तिने विचारलं, "कुणी?" माईकवर तुझं नाव पुकारलं जात होतं, लोक टाळ्या वाजवत होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "हो, हीच. हीच माझी पर्ल." ते तुला ऐकू जावं म्हणून ती बोलली. हसलीही तुझ्यासाठीच.

हे मी तुला कधी सांगू नये, अशी तिची इच्छा होती. अडीच महिने मी ती पाळली. पण तू वर्तमानपत्रात द्यायचं म्हणतेस, आणि खोटं मग फलकासारखं उभं राहतं, उन्हापावसात टिकतं.

घरी आल्यावर तिने रात्रीचं जेवण घेतलं नाही. म्हणाली, "मला तिथे पुरू नकोस."

मी म्हणालो, "आत्या, पर्ल त्या टेकडीवर तर आहे ना? दहा-वीस पावलांत कुठेतरी."

"आणि मधे कोण आहे? कुणाची तरी सेली, कुणाचं तरी पोर. ती माणसं जन्मभर दुसऱ्याच्या पायाखाली होती. मी त्यांच्या अंगावर झोपू?"

तीच मग म्हणाली, "सत्तर वर्षं मी ती डावी बाजू राखली रे. कुणाला उभं राहू दिलं नाही." एवढंच बोलली. त्यानंतर तिने पर्लचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. कॉफी देताना मी एकदा मुद्दाम म्हणालो, "वर जातोय, काही सांगू का?" ती म्हणाली, "कुणाला?"

मी ऑक्टोबर-नोव्हेंबरभर मनाशी झगडलो. तिचं ऐकावं, की ती गेल्यावर तिला टेकडीवरच नेऊन पर्लच्या जवळपास तरी ठेवावं? हॉलिसला विचारलं. तो म्हणाला, "तू सांगशील तिथे खणीन. पण तू तिथे उभा राहून 'इथे' म्हण. बोट दाखव." मी टेकडीवर गेलो, उभा राहिलो. माझं बोट उठलं नाही.

म्हणून बुधवारी तिला गावाच्या दफनभूमीत पुरलं, धान्याच्या कोठारामागे, रेल्वेच्या कडेला. आपल्यापैकी तिथे कुणी नाही. चर्चचे पाळक पोर्ट्समथहून येऊ शकले नाहीत, प्रार्थना मीच केली. हॉलिस होता, त्याची मुलगी आणि जावई होते, आणि कचरा डेपोतला तो माणूस आला होता. कुणी सांगितलं कोण जाणे. टोपी हातात धरून शेवटपर्यंत बर्फात उभा राहिला.

तिथल्या नियमाप्रमाणे दगडावर नाव लागतं. कारकुनाने विचारलं, "पूर्ण नाव?" मी सांगितलं. आपल्या घराण्यात दगडावर नाव असलेली ती पहिलीच. टेकडीवर कुणाचं नाव नव्हतं आणि प्रत्येकाला ओळखणारं कुणीतरी होतं. इथे तिचं नाव आहे. वसंतात दगड बसेल तेव्हा येऊन बघ.

झाकण लावण्याआधी पर्लचा कप मी तिच्या डाव्या कुशीत ठेवला. तिने तो मागितला नव्हता. बरोबर केलं की नाही, मला ठाऊक नाही. तिथून तो आता कुणी नेणार नाही, एवढं खरं.

तुला दोष द्यायला मी हे लिहिलेलं नाही. तिनेही दिला नाही. पण तुझ्या छातीवरचा दगड उतरला असं तू लिहिलंस, आणि तो तुझ्या पायांवर परत ठेवणारा मी आहे. मला क्षमा कर. तुझा तो सोनेरी रेघेचा कप परत पाठवू का, ते कळव. कपाटात आहे, कुणी वापरलेला नाही.

एक काम उरलं होतं, ते आज केलं. आत्या ज्या कपातून मंगळवारी कॉफी प्यायली, तो तिच्या कबरीवर ठेवायला गेलो होतो. तिथला रखवालदार म्हणाला, "असलं काही ठेवू नका हो. उन्हाळ्यात गवत कापायचं यंत्र फिरतं, पात्यात अडकतं." म्हणून कप घेऊन मी टेकडीवर गेलो. फलकापाशी क्षणभर थांबलो, आजोबांच्या नावावरचं बर्फ बाहीने पुसलं. मग फाटक उघडून आत शिरलो, कपाचं बूड दगडावर फोडलं आणि चालत राहिलो. कुठे थांबायचं हे ठरवलं नव्हतं. पाय दुखायला लागले तिथे बर्फ बाजूला केलं आणि कप ठेवला.

टेकडीवरही आता एप्रिलपासून गवत कापायचं यंत्र फिरणार आहे. तू ठरवून दिलेली माणसं येतील. त्या कपाबद्दल त्यांना मी काही सांगणार नाही.

तुझा भाऊ,
लेम